पायलट व्हायचा खर्च स्वतः उचलताय? कुठला पैसा कधी भरायचा

वैमानिक व्हायला किती खर्च येतो, हे सगळे विचारतात. तो खर्च कोणत्या क्रमाने करायचा, हे विचारणारा क्वचित भेटतो. परवाना, टाइप रेटिंग (ठरावीक मोठं विमान उडवायची वेगळी पात्रता), राहणं-खाणं आणि मधला रिकामा काळ धरला तर पहिला पूर्ण पगार हातात पडेपर्यंत घरातून ८० लाख ते एक कोटी सहज जातात. एवढे पैसे घालून वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मुलंमुली मी पाहतो. त्यांच्याशी बोललं की बहुतेक वेळा एकच गोष्ट बाहेर येते: पुढचा टप्पा आपल्याला मिळणार की नाही हे कळायच्या आधीच त्या टप्प्याचे पैसे भरून झालेले असतात.

म्हणून खाली टप्पे घेतले आहेत ते पैसे बाहेर पडण्याच्या क्रमाने. हे सगळं विमानाच्या पायलटबद्दल आहे. हेलिकॉप्टरचं गणित वेगळं असतं.

आधी मेडिकल, मग ॲडमिशन

फ्लाइंग स्कूल तुम्हाला क्लास टू मेडिकलवर दाखल करून घेतं, कारण विद्यार्थी परवान्याला तेवढं पुरतं. कमर्शियल परवान्याला मात्र क्लास वन लागतं. घोडं नेमकं इथेच अडतं. लाखो रुपये भरून उड्डाणाचे निम्मे तास झाल्यावर रंगांधळेपणा, किडनीतला खडा किंवा ईसीजीतली एखादी गडबड निघाली, तर ते पैसे परत मागायला जागा राहत नाही.

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी महासंचालनालय) यादीवरच्या डॉक्टरकडे क्लास टू करा, फाइल नंबर मिळवा आणि लगेच क्लास वनची तारीख घ्या. ही तपासणी हवाई दलाच्या दिल्ली आणि बेंगळुरूच्या केंद्रांवर आणि काही मान्यताप्राप्त नागरी केंद्रांवर होते. तारखा लांबच्या मिळतात, थांबा. चष्मा असला म्हणून घाबरू नका, ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा आला तर उपचार करून पुन्हा तपासणी होते. एकूण खर्च काही हजारांचा. या सगळ्या प्रवासात इतक्या कमी पैशांत इतकी मोठी माहिती पुन्हा कुठेही मिळत नाही.

चाळिशीच्या आत क्लास वन एक वर्ष टिकतं, म्हणजे दरवर्षी नूतनीकरण आलंच.

पेपर घरी बसून काढा

डीजीसीएचे विषय ठरलेले आहेत: एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचं टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओ संभाषणाची आरटीआर परीक्षा. ती वर्षानुवर्षं दूरसंचार खात्याकडे होती, भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने नागरी विमान वाहतुकीच्या कक्षेत आणली.

परीक्षेला बसायला कॉम्प्युटर नंबर लागतो आणि त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी. हे काम निकाल लागताच करून ठेवा. बोर्डाच्या कार्यालयातल्या फेऱ्यांत आठवडे जातात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, ही अट बरीच वर्षं आहे. कला-वाणिज्यवाले मुक्त विद्यालयातून ते दोन विषय देतात. ही अट काढण्याच्या हालचाली २०२५ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा अर्ज करताना डीजीसीएचं त्या वेळचं परिपत्रक उघडून वाचा, क्लासवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

माझं मत ठाम आहे: निदान नेव्हिगेशन, मेट आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर सुटेपर्यंत फ्लाइंग स्कूलला मोठी रक्कम देऊ नका. एक कारण पैशाचं. स्कूलमध्ये राहून पेपरची तयारी करणारा मुलगा खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरत जमिनीवर बसलेला असतो. दुसरं कारण स्वतःला ओळखण्याचं. पुढची तीस-पस्तीस वर्षं दर सहा महिन्यांनी कुठली ना कुठली परीक्षा आहे. नेव्हिगेशनचा अभ्यास नकोसा झाला, तर ते दीड-दोन लाखांच्या क्लासवर कळलेलं बरं.

फ्लाइंग स्कूल: चकचकीत इमारत बघू नका, हँगर (विमानं ठेवायची शेड) बघा

कमर्शियल परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. त्यात १०० तास पायलट-इन-कमांड (विमान स्वतःच्या जबाबदारीवर), २० तास क्रॉस-कंट्री (दूरच्या ठिकाणांपर्यंत), त्यातलं एक उड्डाण ३०० सागरी मैलांचं, १० तास इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून) आणि ५ तास रात्रीचं. देशात याचा खर्च आज साधारण ४५ ते ६५ लाख येतो. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची सरकारी इग्रुआ, गोंदियाजवळ बिरसीची एनएफटीआय, बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर अशी नावं मराठी घरांत जास्त ऐकू येतात. मुंबई फ्लाइंग क्लब तर १९२८ पासूनचा. जेआरडी टाटांनी १९२९ साली देशातला पहिला परवाना मिळवला तो तिथेच शिकून. उडायला शिकणं तेव्हाही पैसेवाल्यांचंच होतं. आता फरक इतकाच की कर्ज मिळतं.

स्कूल बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका. हँगरमध्ये जा, आणि तिथे शिकणाऱ्या चार मुलांना बाहेर टपरीवर गाठा. त्यांना विचारायचं ते असं: विमानं कागदावर किती आणि आज उडण्याच्या अवस्थेत किती? एका विमानामागे विद्यार्थी किती? गेल्या बॅचमधल्या शेवटच्या मुलाचे २०० तास व्हायला किती महिने लागले? पहिल्याचे नव्हे, शेवटच्याचे. पहिला प्रत्येक स्कूल मिरवतं. मल्टी-इंजिन विमान स्वतःचं आहे की ‘येणार आहे’? रात्रीच्या उड्डाणाला धावपट्टी मिळते का?

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पावसात उड्डाणं रखडतात. तेव्हा ‘बारा महिन्यांत परवाना’ असं कुणी म्हणालं तर त्यातले पावसाळी महिने मनातल्या मनात वजा करा. दीड ते दोन वर्षं धरून चाला, खर्चही तितक्या महिन्यांचा धरा.

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. वर्षातून दोनदा ती जाहीर होते. श्रेणी बघाच, पण ती बघून हँगरची फेरी टाळू नका.

पैशाबाबत तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, हप्ते झालेल्या तासांना बांधलेले हवेत. एकरकमी भरल्यावर पाच-दहा टक्के सूट देतात, ती घेऊ नका. स्कूल अडचणीत आलं तर भरलेला पैसा सगळ्यात आधी अडकतो तो विद्यार्थ्यांचा. दुसरी, इंधनाचा भाव वाढला तर फरक कोण भरणार. तिसरी, २०० च्या वर लागलेल्या तासांचा दर. चाचणीत एकदा नापास झालात तर पाच-दहा तास जादा लागतातच. जीएसटीचंही विचारा: डीजीसीएमान्य स्कूलच्या मान्य अभ्यासक्रमावर जीएसटी नाही, हे सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत स्पष्ट झालं आहे. तरी पावतीत तो लावलेला दिसला तर कारण मागा.

परदेशाचा मोह वेळेसाठी होतो. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडमध्ये हवामान आणि विमानं दोन्ही भरपूर, तास लवकर होतात. पण परत आल्यावर परवान्याचं भारतीय रूपांतर करावं लागतं: डीजीसीएचे पेपर, आरटीआर, इथल्या विमानावर चाचणी. त्यात सहा महिने आणि काही लाख जातात. रुपया घसरला की मूळ अंदाजपत्रकही घसरतं. परदेशी जायचंच असेल तर डीजीसीएचे पेपर इथे काढूनच विमानात बसा.

कर्ज घेण्याआधी ही दोन गणितं

शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. इथे तारण म्हणजे बहुतेक वेळा आईवडिलांचं राहतं घर किंवा शेत. त्यामुळे गणित मुलाने एकट्याने करू नये, घरात सगळ्यांसमोर कागदावर मांडावं.

पहिलं गणित हप्त्याचं. साडेदहा टक्के व्याज आणि बारा वर्षांची मुदत धरली तर दर १० लाखांमागे महिना सुमारे १२,२५० रुपये. ६० लाखांचं कर्ज म्हणजे साडेत्र्याहत्तर हजारांच्या आसपास. फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे को-पायलटच्या, पूर्ण पगारात हे बसतं. अडचण अशी की सुरुवातीचे काही महिने पूर्ण पगार नसतो, स्टायपेंड असतो.

दुसरं गणित थांबण्याचं, आणि हे जवळजवळ कुणीच करत नाही. ६० लाखांवर वर्षाचं व्याज ६ लाख ३० हजार होतं. नोकरीशिवाय गेलेला प्रत्येक महिना साडेबावन्न हजारांचा पडतो. परवाना मिळाल्यावर किमान दीड वर्ष नोकरी नाही असं धरून बघा. ती रक्कम घर सोसू शकत असेल तरच पुढे. ‘बघू, तोपर्यंत लागेल काहीतरी’ यावर घर तारण ठेवू नये. व्याजावर आयकर सवलत आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

राज्यात काही मदत मिळते का, तेही बघून ठेवा. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या उमेदवारांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत पायलट प्रशिक्षण राबवलं आहे. जागा मोजक्या असतात, जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं.

कॅडेट कार्यक्रम की मोकळा परवाना?

इंडिगो, एअर इंडियासारख्या कंपन्यांच्या कॅडेट कार्यक्रमात क्रम उलटा असतो. आधी एअरलाइन परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत घेऊन निवडते, मग तुम्ही तिच्या भागीदार अकादमीत स्वतःच्या पैशाने शिकता. टाइप रेटिंग धरून आकडा एक कोटीच्या घरात किंवा वर जातो. आधी स्वतः परवाना काढून मग नोकरी शोधायच्या मोकळ्या मार्गापेक्षा हे महाग. तरी मला यातली एक गोष्ट पटते: मोठा पैसा भरण्याआधी कुणीतरी त्रयस्थाने तुम्हाला पारखलेलं असतं.

मात्र हातात पडतं ते सशर्त इरादापत्र, नेमणूकपत्र नव्हे. त्यातली अट शोधा: ‘कंपनीच्या गरजेनुसार’ असे शब्द असतातच. जॉइनिंग वर्षभर पुढे गेलं तर मधल्या काळात परवाना चालू ठेवायचा खर्च कुणाचा? प्रशिक्षणातून बाहेर काढलं तर परतावा किती? उत्तर तोंडी मिळालं तर तेच ईमेलवर मागा.

परवान्यानंतरचा रिकामा काळ

२०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ कमर्शियल परवाने दिले, तोवरचा उच्चांक. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. क्लासवाल्यांच्या जाहिरातीत दुसरा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पहिला नसतोच. ती विमानं अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येणार, आणि कंपन्यांना खरी टंचाई भासते ती अनुभवी कॅप्टनची. २०० तासवाल्यांची रांग लांबच असते.

रांगेत उभं राहायचं तर कागद जिवंत हवेत. परवाना आता दहा वर्षांचा असतो, पण मल्टी-इंजिनवरचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग वर्षाने संपतं आणि मेडिकलही. भरतीची जाहिरात अचानक येते, मुदत थोडी असते. दोन्हींच्या तारखा जुळवून ठेवा आणि नूतनीकरणाचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे काढा. इंग्रजी प्रावीण्याचा शेरा आणि रेडिओचा परवाना यातलं एक राहिलं म्हणून अर्ज बाद झालेले लोक आहेत.

या काळात सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे असिस्टंट इन्स्ट्रक्टर होणं. मानधन कमी, उन्हात उभं राहायचं, विद्यार्थ्यांचे आपटलेले लँडिंग सोसायचे. पण तास वाढतात, हात चालू राहतो आणि त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, उलट थोडे मिळतात. अमेरिकेत एअरलाइनमध्ये बसायला सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात, त्यामुळे तिथे बहुतेकांचा रस्ता इन्स्ट्रक्टरकीतूनच जातो. आपल्याकडे २०० तासांवर थेट जेटमध्ये बसता येतं म्हणून हा मार्ग कमीपणाचा मानला जातो. का, ते मला आजवर समजलेलं नाही.

टाइप रेटिंग: ऑफर लेटरआधी एक रुपयाही नको

२०० तासांचा परवाना म्हणजे लहान विमान उडवायची परवानगी. ए-३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआर ७२ उडवायला त्या-त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं. काही आठवडे वर्गात यंत्रणा शिकायच्या, मग सिम्युलेटर, मग परीक्षकासमोर चाचणी. खर्च साधारण १५ ते २५ लाख. पूर्वी सरकारी विमान कंपन्या निवडलेल्या उमेदवाराला स्वतःच्या खर्चाने तयार करून बाँड घेत. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या तसा हा खर्च उमेदवाराकडे सरकला, इथेही आणि युरोपातही.

एजंट सांगतात, ‘रेटिंग करून ठेव, मग कॉल लगेच येतो.’ याला भुलू नका. सिम्युलेटरनंतर खऱ्या विमानावर टेक-ऑफ-लँडिंग करावे लागतात, आणि ए-३२० काही भाड्याने सहज मिळत नाही; ते असतं एअरलाइनकडे. एअरलाइन पाठीशी नसेल तर या शेवटच्या पायरीचे परदेशात वेगळे पैसे मोजावे लागतात. शिवाय रेटिंग चालू ठेवायला ठरावीक काळाने सिम्युलेटर तपासणी, तिचेही पैसे. वर्षभराने कॉल आला तर बऱ्याचदा कंपनी स्वतःचं प्रशिक्षण पुन्हा करायला लावते.

आणि कोणतं विमान निवडणार? इंडिगो आणि एअर इंडियाकडे ए-३२० चा ताफा, अकासा आणि स्पाइसजेटकडे ७३७, अलायन्स एअर आणि गोव्याच्या फ्लाय-९१ कडे एटीआर. आज जिथे भरती जोरात दिसते तिथे उद्या काय होईल सांगता येत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवली. प्रत्येक वेळी त्या ताफ्यावरचे शेकडो अनुभवी पायलट एकदम बाजारात आले आणि नुकतं रेटिंग घेतलेले नवखे रांगेत मागे ढकलले गेले. टाइप रेटिंग हे बारशाआधी शिवलेल्या अंगरख्यासारखं आहे, माप दुसऱ्याच्या हातात असतं.

ऑफर आल्यावर कंपनी सांगेल त्या केंद्रात, सांगेल त्या वेळी पैसे भरा. तिथेही हप्ते मागा: वर्गाचे वेगळे, सिम्युलेटरचे वेगळे.

बाँड वाचायचा कसा

स्वतः पैसे भरूनही बाँड असतो, हे ऐकून पालक चक्रावतात. तीन ते पाच वर्षांचा करार, सोबत तारीख न घातलेले धनादेश, जामीनदार किंवा बँक गॅरंटी. सही करण्याआधी वकिलाला दाखवा आणि स्वतः ही कलमं शोधा.

बाँडची सुरुवात कधी धरतात? रुजू झाल्यापासून की लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) संपून ‘रिलीज’ मिळाल्यापासून? यात सहा-आठ महिन्यांचा फरक पडू शकतो. रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच? चाचणीत नापास झालात आणि कंपनीने काढलं तर वसुली होणार का? मेडिकल गेलं तर? कंपनीच बंद पडली किंवा बिनपगारी रजेवर पाठवलं तर बाँडचं काय? पगार स्थिर किती आणि उडालेल्या तासांवर किती. महिन्याला किमान किती तासांची हमी? आणि मूळ कागदपत्रं कंपनीकडे ठेवायची असतील तर तेही विचारून घ्या, माझ्या मते ती देऊ नयेत.

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं कँटीनमध्ये छातीठोक सांगणारे भेटतील. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल दोन लाखांची वसुली वैध ठरवली. करार कायद्यात भरपाई वाजवी असावी लागते हे खरं, पण वाजवी किती हे ठरायला वर्षं जातात, आणि तोवर दुसऱ्या कंपनीत जायला जुन्या कंपनीचा ना-हरकत कागद हवा असतो. त्यात डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस आहेच.

पैसे देऊन उडणं

काही दलाल परदेशातल्या एखाद्या एअरलाइनमध्ये ३०० किंवा ५०० तास लाइन ट्रेनिंग विकतात. तुम्ही प्रवाशांनी भरलेल्या विमानात उजव्या खुर्चीत बसून काम करायचं आणि वर त्याचे लाखो रुपये मोजायचे. युरोपातल्या पायलट संघटनांनी याविरुद्ध मोहीम चालवली आहे, कारण पगारी को-पायलटची जागा पैसे भरणारा घेतो आणि तास संपले की पुढचा गिऱ्हाईक येतो. नोकरी कुणालाच लागत नाही. थकलेला असताना किंवा काही चुकीचं दिसताना ‘नाही’ म्हणायची ताकद पैसे भरून बसलेल्याकडे किती उरेल, याचाही विचार करा.

लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत, खोटे तास भरून देणारेही आहेत. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा पायलटना अटक झाली होती.

पहिली नोकरी घेताना

मोठ्या जेटचीच वाट बघत दोन वर्षं घालवू नका. एटीआरवरच्या प्रादेशिक मार्गांवर छोट्या धावपट्ट्या, आडवे वारे आणि दिवसाला अनेक लँडिंग मिळतात. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्राएर जेट उडवते. मालवाहतूक आणि चार्टरमध्येही को-पायलटच्या जागा निघतात; चार्टरमध्ये मात्र तास कमी आणि वेळापत्रक मालकाच्या मर्जीचं, त्यामुळे महिन्याला किती तास उडाल ते त्याच विमानावरच्या पायलटला विचारून घ्या.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात दोन कामं उरका. ईजीसीएवरचे (डीजीसीएचं ऑनलाइन पोर्टल) तास आणि कागदी लॉगबुक जुळवून घ्या, कारण पुढे एटीपीएलच्या (कॅप्टन व्हायला लागणारा परवाना) वेळी पाच तासांचा फरकही महिनोन्‌महिने फाइल अडवतो. आणि परवाना गमावण्याचा, म्हणजे मेडिकल गेल्यामुळे उडता आलं नाही तर पैसे देणारा, विमा उतरवा. कंपनीच्या गटविम्यात तो असेल तर रक्कम तपासा. शिल्लक कर्जापेक्षा ती कमी असेल तर वरचा फरक स्वतः घ्या, आणि पॉलिसीत ‘तात्पुरते अपात्र’ या काळाचे पैसे कितव्या दिवसापासून सुरू होतात ते बघा.